रवण : आपल्या परसातला एक विसरलेला इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची कथा सांगतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेले ‘शनिवारतेली’ हे नाव सांगतो. 1796 साली सामुएल इझेकियल दिवेकर यांनी मुंबईत बांधलेल्या सिनेगॉगचे स्मरण करतो. हा बहुतेक पुरुषांच्या कामाचा इतिहास आहे. घरामागच्या परसात आपल्या आया-आज्यांनी जो उद्योग चालवला, त्याचे पान मात्र कोरेच राहिले. त्यातले एकच काम आज घेऊ : खुडूक कोंबडीला रवणीवर बसवणे.

घाण्याची मिळकत घरधन्याच्या हाती असे. कोंबड्या मात्र बायकांच्या. घाण्याखालची पेंड बैलाच्या वाट्याला, तिचा उरलासुरला चुरा आणि तांदळाची कणी कोंबड्यांना. अंडी विकून आलेले चार पैसे आई कुणाला न विचारता खर्च करी. आमच्या घरी वह्या-पाट्या त्याच पैशांतून येत. म्हणून रवण साधली की फसली, याला घरात फार महत्त्व होते.

नव्याचा सण आणि खिरीचा सण उलटले, भात झोडून घरात आले, की रवणीचे दिवस सुरू होत. पावसाळ्यात पिल्ले गारठून मरत. हिवाळ्यात ऊन कोवळे, दाणे मुबलक. एखादी कोंबडी अंडी द्यायची थांबे, खुराड्यातून उठेनाशी होई, हात नेला की पिसे फुलवून चोच मारी. खुडूक झाली, हे सांगावे लागत नसे. एकदोन दिवस तिची चिकाटी पाहून, टोपलीत तूस आणि पेंढा घालून, ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवत. आठ-दहा दिवसांच्या आतली, न तडकलेली दहा-बारा अंडी निवडत. गावठी कोंबडीच्या पंखाखाली त्याहून जास्त मावत नाहीत, कडेची थंड पडतात. शेजारच्या बायका टोपलीत कोळशाचा तुकडा आणि लोखंडी खिळा ठेवीत, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. आमच्या आज्यांनीही तो रिवाज मोडला नाही.

कोंबडीची बैठक एकवीस दिवसांची. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटे उठते, खाते, पाणी पिते, धूळ अंगावर घेते आणि परत येते. अंडी ती स्वतःच चोचीने फिरवत राहते, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटेल. आठव्या दिवशी रात्री कंदिलासमोर अंडे धरायचे. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर जीव धरला आहे. नितळ दिसले तर ते काढून घ्यायचे. बाहेर आलेल्या पिल्लाने बलक पोटात ओढून घेतलेला असतो, म्हणून पहिल्या दिवशी त्याला चाऱ्याची घाई नसते. पुढे बारीक कणी, आणि डोक्यावर घार, कावळा, खाली मुंगूस आणि मांजर यांपासून राखण. मानमोडी आली तर काहीच चालत नसे.

एकवीस म्हणजे तीन आठवडे बरोबर. ज्या वारी कोंबडी बसली त्याच वारी पिल्ले. शब्बाथला अंड्यांना हात लावायचा नाही, टोपली हलवायची नाही. मग पिल्ले फुटायचा दिवस शब्बाथला येऊन कसे चालेल? म्हणून आमच्या घरी रवण रविवार-सोमवार बघून बसवत. आजीला लिहिता येत नव्हते, पण हा हिशेब तिचा कधी चुकला नाही. शब्बाथला दाणे-पाणी मात्र चुकत नसे, कारण पदरच्या जनावरांना उपाशी ठेवणे शास्त्राला मंजूर नाही.

तोरात, दवारीमच्या 22व्या अध्यायात, घरट्यातली पिल्ले किंवा अंडी घेताना आईला सोडून द्यावे अशी आज्ञा आहे. मिश्नाच्या खुल्लीन भागात रब्बींनी ती आज्ञा उलगडून सांगितली : मळ्यात घरटे केलेल्या कोंबडीला ती लागू, घरात बसलेल्या कोंबडीला नाही. आपल्या आज्यांनी मिश्ना वाचली नव्हती, तरी रवणीवर बसलेली कोंबडी हज्जानापुढे कधी गेली नाही.

मग आपण इस्राएलला आलो. 1949 साली येथे रेशनिंग सुरू झाले, त्सेना म्हणतात तो काळ. ताज्या अंड्यांऐवजी अंड्याची भुकटी मिळे. आमच्या आधी आलेली मंडळी सांगत, की त्या दिवसांत अंगणात, गच्चीवरसुद्धा लोक कोंबड्या पाळीत. कोकणातून आलेल्या बाईला ती विद्या शिकवावी लागली नाही.

पण मोशावांतले लूल वेगळे होते. तेथे पांढरी लेगहॉर्न आली. ती वर्षभर अंडी देते आणि सहसा खुडूक होत नाही, कारण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून तिची ती ओढच काढून टाकली. खुडूक कोंबडी बसते तेव्हा आणि पुढे पिल्ले सांभाळते तेव्हा अंडी देत नाही. कोकणात तो काळ म्हणजे गुंतवणूक होती, येथे तोटा. अंडी उबवण्याचे काम मदगेरात गेले. तेथे विजेचे यंत्र साधारण साडेसदतीस अंश उष्णता राखते आणि अंडी आपोआप फिरवते. आजीची कोंबडी जे करत होती, तेच.

यात कुणाचा दोष नाही. स्वस्त अंडी मिळाली, मुले धष्टपुष्ट झाली. पण घरातल्या बाईच्या हातचा स्वतःचा पैसा गेला, आणि त्याबरोबर एक विद्याही. शब्द तेवढे उरले. हिब्रूत उबवणे म्हणजे ‘दगर’. यशया आणि यिर्मया या नबींच्या ग्रंथांत हे क्रियापद आहे, आणि आजच्या मदगेराचे नावही त्यातूनच आले. आपल्या मराठीत खुडूक, रवण, खुराडे, तलंग. आपल्या नातवंडांना पहिला शब्द ठाऊक आहे, दुसरे चार नाहीत.

वाचकांना एवढेच सांगणे, की ज्यांच्या आईने वा आजीने रवण बसवली होती, त्यांनी गाव, महिना, अंड्यांची संख्या, टोपलीत काय ठेवत, हे चार ओळींत लिहून काढावे. मराठीत लिहा, हिब्रूत लिहा, नातवाकडून लिहवून घ्या. आठवणाऱ्या माणसांची संख्या दरवर्षी कमी होत आहे.