टॉयलेट : एका कापडाचा प्रवास

आज टॉयलेट म्हणजे संडास. शब्दाच्या मुळाशी मात्र कापड आहे. फ्रेंचमध्ये 'त्वाल' म्हणजे कापड आणि 'त्वालेत' म्हणजे त्याचा छोटा तुकडा. हे कापड शृंगाराच्या मेजावर अंथरीत. कापडाचे नाव मेजाला लागले, मेजावरून केस विंचरणे, पावडर लावणे, पोशाख करणे या साऱ्या खटाटोपाला. इंग्रजीत शब्द स्थिरावला तो याच अर्थाने. पुढे तो सजण्याच्या खोलीला, मग हातपाय धुण्याच्या खोलीला आणि शेवटी शौचकूपाला चिकटला. साबणाच्या वेष्टनावर 'टॉयलेट सोप' वाचून पोरे हसतात; पण तिथे जुना अर्थच शाबूत आहे.

बीड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, दफ्तर उर्दूत चाले. त्यामुळे गुसलखाना, पायखाना हे शब्द इकडे ओळखीचे. पायखाना फारसी, शब्दशः पायाचे घर. अरबीतून उर्दूत आलेला बैतुलखला म्हणजे एकांताचे घर. मराठीत आपण 'परसाकडे' जातो. त्या जागेचे नाव सरळ घ्यायला सगळ्याच भाषा लाजल्या. पण मला बैतुलखला सर्वांत अचूक वाटतो, कारण खरी गरज एकांताची असते, आणि बाईला तर अधिकच.

बीडमधून दरवर्षी लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, एक दिवस बुडाला की खाडा. कोपीला न्हाणीघर नसते, संडास नसतो. साडीचा आडोसा बांधून बायका आंघोळ उरकतात. बाकीचे अंधारात, उसाच्या आड. पाळीतही तेच, आणि पोटाचे दुखणे अंगावर काढायचे. मग दवाखान्यात 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळाला की खाडा चुकेल म्हणून तो पटतोही. 2019 मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली.

यांतल्या अनेकींच्या गावच्या घरी 2014 नंतरच्या स्वच्छता मोहिमेत बांधलेला संडास आहे. तोडणीच्या हंगामात त्याला पाच-सहा महिने कुलूप असते.