मदुराईच्या डोंगरावरची आई



थंडीत ऊन हवं असेल तर मदुराईला जावं. जानेवारीत आपल्याकडे सकाळी अंगावरची शाल निघत नाही, तिथे मात्र दहा वाजताच सावली शोधावी लागते. आमचे जुने स्नेही मदुराईत राहतात, म्हणून आम्ही दोघं चार दिवस जाऊन आलो. मीनाक्षी मंदिर आणि नायक राजांचा महाल पाहिला. त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते 'समणर मलै'विषयी. तमिळमध्ये समणर म्हणजे श्रमण, आपले जैन. मलै म्हणजे डोंगर.

मदुराईच्या भोवतीच्या टेकड्यांमध्ये आपले मुनी फार पूर्वीपासून राहत. मांगुळम इथल्या गुहेत इ.स.पू. २ऱ्या शतकाच्या सुमाराचे तमिळ-ब्राह्मी लेख आहेत. नेडुंचेळियन या पांड्य राजाच्या अधिकाऱ्याने कणिनंत नावाच्या मुनींसाठी विश्रामस्थान करून दिलं, असं त्यात नोंदलं आहे. खडकात कोरलेल्या गुळगुळीत शय्या अजून दिसतात. अंथरूण नाही, उशालाही दगडच.

समणर मलै शहराच्या पश्चिमेला, कीळकुयिलकुडी गावाजवळ आहे. पायथ्याशी कमळांचं तळं, मोठा वड आणि करुप्पसामीचं देऊळ आहे. गावकरी तिथे पूजा करतात आणि वर जाणाऱ्याला वाटही दाखवतात. एका बाजूला शेट्टिप्पोडवु नावाच्या गुहेत तीर्थंकरांची मोठी बैठी मूर्ती आहे. दुसरीकडे पायऱ्या चढून गेलं की पेच्चिपळ्ळम लागतं. तिथे कातळावर ओळीने आठ मूर्ती आहेत. डोक्यावरच्या फण्यांवरून पार्श्वनाथ लगेच ओळखू येतात, अंगावर वेली चढलेले बाहुबलीही.

या मूर्ती ९व्या-१०व्या शतकातल्या. खाली वट्टेळुत्तु लिपीत त्या कोणी करवल्या ते कोरलं आहे. त्या काळी अज्जनंदी नावाचे मोठे आचार्य या भागात होऊन गेले. कितीतरी टेकड्यांवर त्यांचं नाव सापडतं. इथल्या एका मूर्तीखाली मात्र त्यांच्या आईचं नाव आहे. अज्जनंदींची आई गुणमती हिने ही मूर्ती करवली, एवढाच मजकूर. मुलगा घर सोडून मुनी झाला आणि आईने त्याच वाटेवर स्वतःच्या नावाने दान दिलं. मी णमोकार म्हटला आणि बराच वेळ तिथेच बसले.

मदुराईबद्दल एक कडू कथाही आहे. १२व्या शतकातल्या 'पेरियपुराणम्'मध्ये शैव संत संबंदर यांच्या चरित्रात ८,००० जैनांना सुळावर दिल्याचं वर्णन येतं. संबंदरांचा काळ ७वं शतक. अनेक इतिहासकार ही कथा शब्दशः खरी मानत नाहीत. समणर मलैच्या मूर्ती त्यानंतर दोनशे-तीनशे वर्षांनी कोरलेल्या आहेत. सगळा संघ संपला असता तर गुणमतीने मूर्ती कुठून करवली असती? वाद झाले, राजाश्रय गेला, हे खरं. पण आपला धर्म त्यानंतरही तिथे नांदला.

आणखी एका स्त्रीची आठवण काढायला हवी. 'शिलप्पदिकारम्' या जुन्या तमिळ महाकाव्यात कोवलन आणि कण्णगी हे जोडपं पायी मदुराईला निघतं. त्यांच्या सोबतीला असते कवुंदी, एक जैन साध्वी. शेतातून जाताना खेकडे-गोगलगायी पायाखाली येतील, सांभाळून चाला, असं ती सांगते. मदुराईजवळ पोहोचल्यावर ती कण्णगीला मादरी नावाच्या गवळणीच्या हवाली करते. मादरी घरच्यांना सांगते की पाहुणा श्रावकाचं व्रत पाळणारा आहे, दिवसाउजेडी स्वयंपाक करायला हिला चांगली भांडी लवकर द्या. मग कण्णगी कोवळा फणस, काकडी, कच्चं डाळिंब घेऊन रांधते. सोबत आंबा, केळी, भात आणि गवळ्याघरचं दूधदुभतं. कांदा नाही, कंद नाही! पुढे त्या दोघांची शोकांतिका कळल्यावर कवुंदीने अन्न वर्ज्य करून देह ठेवला.

आमच्या स्नेह्यांच्या घरी चारही दिवस साडेपाचला पानं वाढली जात. शतकानुशतकं हा नियम कोणी चालवला? राजांनी नाही. चूल सांभाळणाऱ्यांनी. पण त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

आपल्या बस्तीतल्या फरशांवरची नावं एकदा वाचून पाहा. बहुतेक 'अमुक यांच्या स्मरणार्थ, पत्नीकडून' असंच असतं. पतीचं नाव जरूर असावं, त्यात वावगं काही नाही. पण पत्नीलाही नाव असतं. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या गुणमतीने ते दगडावर ठेवलं. पुढच्या वेळी दानाची पावती लिहिली जाईल तेव्हा आपलं नाव पूर्ण सांगा.