शनीचा दोष की शिशाचा?

इंग्रजी कादंबरी वाचताना एखाद्या पात्राच्या वर्णनात 'सॅटर्नाइन' हे विशेषण भेटते. शब्दकोशात त्याचा अर्थ मिळतो : उदास, घुमा, मंद प्रकृतीचा. पण वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत हाच शब्द 'शिशामुळे झालेला' या अर्थाने येतो. एका शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटले?

मूळ शब्द सॅटर्न, म्हणजे शनी. रोमन लोकांचा हा शेतीचा देव. त्याचा डिसेंबरातील उत्सव तर मौजमजेचा असे. उदासपणा आला तो ग्रहाकडून. प्राचीनांना माहीत असलेल्या ग्रहांत शनी सर्वांत संथ. राशिचक्राची एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे २९.५ वर्षे लागतात. आपणही त्याला शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा, म्हणतो. एका राशीत अडीच वर्षे, म्हणून तीन राशींची साडेसाती. युरोपातील ज्योतिषांनी या ग्रहाला थंड व कोरडा ठरवले आणि त्याच्या प्रभावाखाली जन्मलेला माणूस उदास असणार, असे मानले. पंधराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत दिसतो.

किमयागारांनी सूर्य-चंद्र धरून सात ग्रहांना सात धातू वाटून दिले. जड, निस्तेज शिसे शनीच्या वाट्याला आले. त्यामुळे शिशाच्या विषबाधेलाही शनीचेच नाव पडले.

हा दुसरा अर्थ मात्र निरीक्षणावर उभा आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात सफरचंदाची सायडर पिणाऱ्यांना पोटशूळ होई. फळाच्या आंबटपणाला दोष दिला जाई. डॉ. जॉर्ज बेकर यांनी सायडरची रासायनिक तपासणी करून त्यात शिसे दाखवले आणि १७६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिसे रस काढण्याच्या यंत्रांतून उतरत होते.

ग्रहाचा प्रभाव कल्पनेतला निघाला, शिशाचा खरा. अल्प प्रमाणातील शिसेही मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. शिकण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. त्याआधीचे रंग मात्र जुन्या भिंतींवर आणि खिडक्यांवर असू शकतात.

वर्गातील एखाद्या मुलाला 'मंद' म्हणण्यापूर्वी, किंवा त्याच्या पालकांनी पत्रिका काढण्यापूर्वी, भिंतीचे पोपडे कोठे पडत आहेत ते आपण पाहावे.