नागपूरकर भोसले : शेजारी सत्तांशी वैर व युती

नागपूरच्या भोसले घराण्याचे पुणे, हैदराबाद, मुर्शिदाबाद आणि कलकत्ता येथील सत्तांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत असलेले, वारंवार पालटत गेलेले राजकीय संबंध. गोंड राजघराण्यातील वारसाकलहात मध्यस्थी करता करता पहिल्या रघूजींनी १७४३ च्या सुमारास नागपूरचा कारभार हाती घेतला. या राज्याच्या पश्चिमेस पेशवा होता, दक्षिणेस निजाम, पूर्वेस बंगालचा नवाब. वऱ्हाडात निजाम व भोसले दोघेही वसूल घेत, म्हणजे तिथे दोअमल होता. पेशव्याशी भांडण घासदाण्याचे, म्हणजे फौजेच्या चाऱ्या-दाण्यासाठीच्या वसुलीचे, आणि त्याहून अधिक मानाचे. सेनासाहेब सुभा हे पद छत्रपतींनी दिलेले असल्याने भोसले स्वतःला पेशव्याचे ताबेदार मानत नसत.

पहिली ठिणगी बंगालात पडली. चौथाईसाठी रघूजी तिकडे उतरले, तेव्हा नवाब अलिवर्दीखानाने खुद्द पेशवे बाळाजी बाजीराव यांना पैसा देऊन मदतीस बोलावले. एका मराठी फौजेने दुसरीला बंगालबाहेर रेटले. १७४३ मध्येच शाहू छत्रपतींनी दोघांची कार्यक्षेत्रे वाटून दिली. पुढे नवाबाशी झालेल्या १७५१ च्या तहाने रघूजींना ओडिशाचा वसूल व बंगालची बारा लाखांची चौथाई मिळाली. हे या घराण्याचे सर्वांत मोठे यश होय.

रघूजींचे पुत्र जानोजी यांच्या कारकिर्दीत (१७५५–७२) पक्षांतर हेच धोरण झाले. १७६३ मध्ये ते निजामाबरोबर पुण्यावर चालून गेले आणि शहर लुटले गेले. त्याच वर्षी राक्षसभुवनाच्या लढाईच्या ऐन तोंडावर, बत्तीस लाखांच्या मुलखाच्या आश्वासनावर, त्यांनी निजामाला सोडले. दोन्ही बाजूंचा विश्वास अशा रीतीने एका मोसमात गेला. पुढे पेशवा आणि निजाम हे हाडवैरी भोसल्यांविरुद्ध एक झाले; नागपूर लुटून जाळण्यात आले आणि मिळालेल्या मुलखातील चोवीस लाखांचा भाग परत करावा लागला. १७६९ च्या कनकापूरच्या तहात तर जानोजींनी पेशव्याला वार्षिक पाच लाख देणे व परसत्तेशी स्वतंत्र बोलणी न करणे मान्य केले. राजांच्या डावाचा भुर्दंड शहराला किती पडतो, हे नागपूरने तेव्हा भोगले.

इंग्रजांविरुद्ध नाना फडणिसांनी निजाम व हैदर अली यांना सोबत घेऊन कट जुळवला, तेव्हा बंगालवरील स्वारी जानोजींचे बंधू मुधोजी यांच्याकडे होती. फौज कटकपर्यंत गेली. तिथे वॉरन हेस्टिंग्जने पैसा देऊन तिला थोपवले. १७९५ मध्ये खर्ड्याला मुधोजींचे पुत्र दुसरे रघूजी पेशव्याच्या बाजूने निजामाशी लढले. १८०३ मध्ये इंग्रजांविरुद्ध शिंद्यांशी युती करून ते असई व आडगाव येथे हरले. देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे गेले, वर्धेपलीकडचे वऱ्हाड निजामाकडे.

१८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी दुर्बल होते. त्यांच्या नावाने राज्य कोणी चालवायचे यावरून वाड्यात दोन तट पडले : एक रघूजींच्या पत्नी बाकाबाई यांचा, दुसरा पुतणे आप्पासाहेब यांचा. आपली बाजू बळकट करण्यासाठी आप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. परसोजींच्या मृत्यूनंतर तेच गादीवर आले आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशव्याकडून मानाची वस्त्रे घेऊन इंग्रजांवर उलटले. सीताबर्डीच्या लढाईत (२६–२७ नोव्हेंबर) लहान टेकडी त्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी जिंकली होती. लढाई हरून आप्पासाहेब १६ डिसेंबरला रेसिडेंट जेंकिन्सच्या स्वाधीन झाले, तरी हे अरब शहर सोडीनात. जुम्मा दरवाजावरील, म्हणजे आजच्या महालातील गांधी गेटवरील, इंग्रजांचा हल्ला त्यांनी २४ तारखेला परतवला. अखेर कुटुंबे व सामान नेण्याची मुभा घेऊनच ते ३० डिसेंबरला बाहेर पडले. पोटासाठी समुद्रापलीकडून आलेल्या या माणसांनी नागपूर धन्यापेक्षा चौदा दिवस जास्त लढवले, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

नागपूरच्या इतवारी भागात या इतिहासाची आठवण दरवर्षी निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीच्या बाजारातून काळ्या मारबतीची, म्हणजे काळ्या पुतळ्याची, मिरवणूक जाते आणि पिवळ्या मारबतीशी तिची भेट होते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, अशी लोकसमजूत आहे. तिला आधार आहे : १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांना काढून गादीवर बसवलेल्या अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या पालक म्हणून बाकाबाई इंग्रजांच्या देखरेखीखाली वावरल्या आणि १८५७ मध्येही त्यांनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. तरीही सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तैनाती फौज नागपुरात आणणारा करार बाकाबाईंच्या पक्षाला शह देण्यासाठी आप्पासाहेबांनी केला होता. आप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले, जोधपूरच्या आश्रयाला गेले आणि १८४० मध्ये तिथेच वारले. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. बाकाबाई १८५८ पर्यंत हयात होत्या.