दीड टक्क्याचा पुरावा

१/ माणसाच्या शरीराचा आरंभ एकाच पेशीपासून होतो. तिच्या वंशातून त्वचा, स्नायू, मज्जातंतू घडतात. पण घडून गेलेली पेशी पुन्हा त्या आरंभाकडे नेता येईल का? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक जीवशास्त्रज्ञांचे उत्तर नकारार्थी होते. ते कसे बदलले, त्याचा हा इतिहास.

२/ या नकारामागे एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांचा तर्क होता. पेशींचे विभाजन होताना आनुवंशिक द्रव्य असमान वाटले जाते आणि प्रत्येकीकडे तिच्या कामापुरताच अंश उरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

३/ १९५२ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट ब्रिग्ज व थॉमस किंग यांनी बेडकाच्या अंड्यातील केंद्रक काढून तेथे अगदी कोवळ्या गर्भातील पेशीचे केंद्रक बसवले. अंडे वाढू लागले. मात्र अधिक वाढलेल्या गर्भातील केंद्रके घेताच बहुतेक प्रयोग फसले. वाइसमान यांचा तर्क खरा ठरतो आहे, असे वाटू लागले.

४/ ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकावर तोच प्रयोग केला. केंद्रक घेतले ते पोहणाऱ्या, खाणाऱ्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे. १९६२ च्या त्यांच्या निबंधानुसार यश सुमारे दीड टक्का. पण तेवढ्या अंड्यांतून निरोगी पिल्ले निपजली होती.

५/ वाद पेटला. त्या मोजक्या पेशी मुळातच अपक्व असतील, ही शंका रास्त होती. परंतु प्रश्नाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. शंभर अपयशे ‘हे अवघड आहे’ एवढेच सांगतात. ‘हे अशक्य आहे’ हा दावा एका निर्विवाद यशाने कोसळतो.

६/ ते यश १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेत जन्मले. प्रौढ मेंढीच्या स्तनग्रंथीतील पेशीपासून २७७ प्रयत्नांत एकच कोकरू जगले: डॉली.

७/ १९९८ मध्ये मानवी गर्भातून मूलपेशी मिळवता आल्या. पण त्यासाठी गर्भ नष्ट करावा लागे. त्यावरून तीव्र नैतिक वाद झाला. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी अंडे आणि गर्भ दोन्ही टाळले. सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांच्यासह त्यांनी २४ जनुके निवडली, ती एकत्र पेशीत सोडली आणि मग एकेक वगळून पाहिली. अखेर चार पुरेशी ठरली. २००६ मध्ये उंदराची आणि २००७ मध्ये माणसाची त्वचापेशी मूलपेशीसारखी झाली.

८/ २०१२ चे नोबेल गर्डन व यामानाका यांना विभागून मिळाले. यामानाकांचा जन्म १९६२ चा, गर्डन यांच्या त्या निबंधाच्याच वर्षातला.

९/ या चारांपैकी एका जनुकाचा कर्करोगाशी संबंध आहे, त्यामुळे उपचारांची वाट सावधपणेच चालावी लागते. तरी २०१४ मध्ये जपानमधील एका वृद्धेच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून घडवलेल्या दृष्टिपटलाच्या पेशी बसवल्या गेल्या. वाइसमान यांना जो अंश हरवलेला वाटला, तो हरवला नव्हता. पेशीने तो केवळ मिटून ठेवला होता.