संधान आणि सडवा

सुर्जी-अंजनगाव म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला शिंदे आणि इंग्रज यांच्यातील ३० डिसेंबर १८०३ चा तह आठवतो. या गावाची दुसरी ओळख तहनाम्यात नाही, मळ्यात आहे : पानवेल आणि पानपिंपळी. ही पिंपळी ज्या पिप्पल्यासवात पडते, ते आसव म्हणजे औषध म्हणून घरात मान मिळालेले मद्यच होय.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवे सांगितली आहेत. त्यांतील पुष्पासवांत मोहाचे फूलही आहे. आसवाची साधने मोजकीच. आतून तूप चोळलेले मडके, झाकण, आणि सांधा लिंपायला चिखलात भिजवलेले फडके. आत काढा, गूळ व धायटीची फुले. मडके काठोकाठ भरायचे नाही. फसफसायला जागा ठेवायची. मग ते धान्याच्या राशीत वा जमिनीत पुरून पंधरवडा ते महिनाभर थांबायचे. तोंडाशी नेलेली जळती काडी विझली, तर संधान अजून चालू आहे. जळत राहिली, तर ते पुरे झाले.

अंजनगावच्या उत्तरेला, मेळघाटात, कोरकूंचे मडके याहून फारसे निराळे नाही. सुकवलेली मोहफुले पाण्यात आंबवायची. येथपर्यंत वैद्य आणि कोरकू एकाच वाटेने जातात. पुढे कोरकूंच्या घरी ते मडके चुलीवर चढते आणि वाफ नळीवाटे गार होऊन उतरते.

राज्यसत्तेने या मडक्याकडे नेहमी सारख्याच नजरेने पाहिले नाही. सुराध्यक्षाची कडक व्यवस्था सांगणाऱ्या कौटिल्यानेही कुटुंबाला कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा ठेवली होती. इंग्रजी अबकारीचे लक्ष महसुलावर होते. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहफुलांच्या साठ्यावरच निर्बंध आले. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे विदर्भातही लागू झाला. त्याच कायद्यावरील बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली मद्यार्कयुक्त औषधांवरील बंदी रद्द ठरवली. वैद्याचे मडके सुटले. मोहफुलांचे संकलन व साठवण यांवरील निर्बंध उठायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

दारूने उद्ध्वस्त केलेली घरे वऱ्हाडाने पाहिली आहेत; बंदीमागची कळकळ खोटी नव्हे. तरीही भाषेने केलेला निवाडा नजरेआड करता येत नाही. चुलीवर चढण्याआधीच पोलीस पंचनाम्यात कोरकूंच्या मडक्यातील ऐवजाला ‘सडवा’ म्हणतात आणि तो ओतून देतात. वैद्याच्या ओसरीवर त्याच क्रियेला ‘संधान’ हे संस्कृत नाव आहे. दोन्हीकडे आंबते ती साखरच.