दंतशर्करा, हिरडा आणि जुन्नर-आंबेगावचे डोंगर

जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट आणि लेणी डोळ्यांपुढे येतात. आंबेगाव म्हटले की भीमाशंकरच्या अभयारण्याचा दाट पट्टा. या दोन तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिरड्याची झाडे विपुल आहेत, आणि दातांच्या इतिहासाची एक वाट त्या झाडांखालून जाते. ‘टूथपेस्टमधले सारे काही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते’ असा संदेश अधूनमधून सर्वांकडे येतो. त्यात तथ्य किती, हे किटणापुरते तपासून पाहू.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर सतत बसत असतो. तो वेळीच निघाला नाही, तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरते आणि थराचा अक्षरशः दगड होतो. हेच किटण, म्हणजे टार्टर. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस ते अधिक साठते, कारण लाळग्रंथींच्या नलिका तिथे जवळच उघडतात. एकदा घट्ट झालेले किटण ब्रशने निघत नाही. ते खरवडावेच लागते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र हा दगड प्रिय आहे. माणूस गेल्यावरही तो टिकतो आणि अन्नाचे, धुळीचे कण जपून ठेवतो. जर्मनीतील डालहाइम येथील मध्ययुगीन मठातल्या एका स्त्रीच्या किटणात अफगाणिस्तानातून येणाऱ्या नीलमण्यासारख्या निळ्या राजावर्त दगडाचे कण सापडले. ती हस्तलिखिते रंगवत असावी, असा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे घोड नदी आंबेगावच्या डोंगरांत उगम पावते, जुन्नरची कुकडी तिला मिळते, आणि याच घोडेच्या काठी खाली शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननातील सांगाड्यांच्या दातांवरून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या आहाराविषयी आणि आरोग्याविषयी बरेच कळले आहे.

आता ग्रंथांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या मुखरोगांत ‘दंतशर्करा’ हा स्वतंत्र रोग आहे. दातांवर साखरेच्या खड्यांसारखा घट्ट झालेला मळ, हे त्याचे वर्णन. उपचार असा: हिरड्यांना इजा न करता तो काढावा, मग लाखेचे चूर्ण मधातून लावावे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात यासाठी एकच धार असलेले, चौकोनी ‘दंतलेखन’ नावाचे शस्त्र सांगितले आहे. आजच्या दंतवैद्याच्या हातातील स्केलरचा हा पूर्वजच. म्हणजे रोगाची ओळख अचूक होती आणि तो काढण्याची रीतही बरोबर होती. प्रतिबंधासाठी तुरट, कडू, तिखट चवीच्या काड्यांनी दंतधावन सांगितले आहे. त्याने थर निघतो. परंतु थराचा दगड होण्याची प्रक्रियाच थांबवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ती रसायनशास्त्राने अलीकडे साधली.

१९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश यांनी दाखवले की पायरोफॉस्फेट हे शरीरातच आढळणारे द्रव्य कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक वाढू देत नाही. नळाच्या पाण्याचा क्षार बसू नये म्हणून अशा जातीची द्रव्ये उद्योगांत आधीपासून वापरली जात होतीच. लाळेतही पायरोफॉस्फेट असते, पण तोंडातील विकरे ते मोडून टाकतात. म्हणून ते बाहेरून पुरवायचे, ही कल्पना. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९८५ साली ‘क्रेस्ट’ची टार्टर रोखणारी पेस्ट बाजारात आणली ती याच तत्त्वावर, इतरांनी झिंक सायट्रेट वापरले. (हाडे ठिसूळ होण्यावरची बिस्फॉस्फोनेट औषधे याच संशोधनातून निघाली.) अशा पेस्टची मर्यादाही ध्यानात असावी: ती हिरडीच्या वर नव्याने साठणारे किटण कमी करते, जुने काढत नाही. क्लोरहेक्झिडीनच्या गुळण्यांची गंमत तर उलटीच. त्या जिवाणूंना आवरतात, पण दीर्घकाळ वापरल्यास दात डागाळतात आणि किटण वाढते.

मग हिरडा कुठे बसतो? हिरड्यात टॅनिन भरपूर असते, आणि टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. चामडे त्यानेच कमावले जाते, जीभ त्यानेच आवळल्यासारखी होते. हिरड्याचा अर्क दात किडवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्याचे काम पहिल्या पायरीवरचे, थरावरचे आहे. त्याला पायरोफॉस्फेटचा भारतीय अवतार म्हणणे म्हणजे दोघांवरही अन्याय.

ब्रिटिशांना हिरड्याचे मोल कळले ते दातांसाठी नव्हे, कातड्यांसाठी. ‘मायरोबलन’ या नावाने तो मुंबईहून परदेशी जाई. १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन त्यापूर्वी दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते, आणि त्या उद्यानाची औषधी वनस्पतींची शाखा जुन्नर तालुक्यातील हिवरे येथे होती. पुढच्या शतकात दंतमंजनांचा बाजार फुलला. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेल्या विकोची ‘वज्रदंती’ घरोघरी गेली. ती औषध की प्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी प्रदीर्घ खटलाही चालला.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र, विशेषतः स्त्रियांमध्ये, दातांना लावली जाते ती मिश्री: तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. तिने किटण हटत नाही, व्यसन जडते आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. १९९२ साली टूथपेस्ट व मंजनांत तंबाखू वापरण्यास केंद्राने बंदी घातली, पण चुलीवर भाजलेल्या मिश्रीपर्यंत तो कायदा पोहोचत नाही.

हिरडा गोळा करतात ते मुख्यतः महादेव कोळी. आठळी धरण्यापूर्वीची कोवळी फळे काढून, उन्हात काळी होईपर्यंत वाळवली की तो ‘बाळहिरडा’. उंच झाडावर चढून फांद्या झोडपण्याचे हे जोखमीचे काम, आणि वर्षाची रोकड बव्हंशी त्यावरच. १९७२ साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ खरेदीत उतरले, तरी व्यापाऱ्याचा भाव चुकला नाही. माल कच्चाच बाहेर जातो. चूर्ण, मंजन, गुळण्यांचे औषध होते ते दूरच्या कारखान्यांत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याची झाडे मोडली, आणि भरपाई मिळावी म्हणून जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी शेतकऱ्यांना पुढे आंदोलने करावी लागली.